उसन्या ठेक्याची पन्नास वर्षं

२०२५ चा ऑक्टोबर संपत आला होता. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांची 'बिलबोर्ड हॉट हंड्रेड' ही साप्ताहिक यादी लागली आणि तिच्या पहिल्या चाळीस गाण्यांत रॅपचं एकही गाणं नव्हतं. १९९० च्या फेब्रुवारीनंतर असं प्रथमच घडलं. केन्ड्रिक लमार आणि सिझा यांचं 'लूथर' तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून सावकाश उतरत होतं. त्या आठवड्यात तेही यादीतून गेलं. मग काय, मृत्युलेखांची झोड उठली. रॅपचे दिवस भरले, पोरं आता कंट्री ऐकतात, वगैरे वगैरे.

बातमी खरी होती, पण तिच्यात एक मेख होती. 'लूथर' काही श्रोत्यांनी टाकून दिलं म्हणून गेलं नव्हतं. महिनोन्महिने मुक्काम ठोकलेली गाणी यादीतून लवकर काढायची, हा नियम बिलबोर्डने नुकताच कडक केला होता, त्यात ते सापडलं. शिवाय टेलर स्विफ्टचा नवा अल्बम ताजा होता आणि त्यातल्या गाण्यांनी वरच्या जागा अडवल्या होत्या. यादी म्हणजे शेवटी मोजपट्टी. ती बदलली की उंचीही बदलते. याच मोजपट्टीने एके काळी रॅपला डोक्यावर घेतलं होतं, ते पुढे येईलच.

रॅप टिकणार का, हे ठरवायचं तर ते आजवर कशावर जगलं ते आधी पाहायला हवं. रॅप म्हटलं की आपल्याला यमकांचा तोफखाना आठवतो. पण शब्दांच्या आधी ठेका आला, आणि तो ठेका दुसऱ्याचा होता. अशा उसन्या ठेक्यांतल्या एकाचा माग काढला तरी रॅपची अर्धी कुंडली हाती लागते.

कुणीच न ऐकलेली तबकडी

जेरी लॉर्डन या इंग्रज संगीतकाराने बर्ट लँकेस्टरचा 'अपॅची' हा १९५४ चा चित्रपट पाहून त्याच नावाची एक धून बांधली. शब्द नाहीत, नुसती गिटार. 'द शॅडोज' या ब्रिटिश चमूने ती १९६० मध्ये वाजवली आणि ब्रिटनमध्ये ती पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षी यॉर्गन इंगमन या डॅनिश गिटारवादकाने आपल्या पद्धतीने वाजवून ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेली. एवढ्यावर ती धून इतर शेकडो धुनांसारखी विस्मरणात जायची, पण तसं झालं नाही.

१९७२ मध्ये 'द थिंग विथ टू हेड्स' नावाचा एक बी-ग्रेड चित्रपट आला. वर्णद्वेष्ट्या गोऱ्या माणसाचं डोकं काळ्या माणसाच्या धडावर बसवतात, अशी त्याची कथा. त्यातल्या पाठलागाच्या प्रसंगासाठी एम.जी.एम. कंपनीतल्या मायकल व्हायनरने भाड्याचे वादक जमवून संगीत करून घेतलं. ते बरं जमलं म्हणून त्याने याच चमूला 'इन्क्रेडिबल बोंगो बँड' असं नाव दिलं आणि १९७३ मध्ये 'बोंगो रॉक' हा अल्बम काढला. ध्वनिमुद्रण कॅनडात, व्हँकुव्हरला झालं. त्यात 'अपॅची' होतं. ड्रमवर जिम गॉर्डन, म्हणजे एरिक क्लॅप्टनबरोबर 'लैला' या गाण्याचं श्रेय ज्याच्या नावावर लागलं तो वादक. बोंगोवर बहामा बेटांतला किंग एरिसन.

या 'अपॅची'त एके ठिकाणी गिटार आणि पिपाण्या थांबतात. उरतात फक्त ड्रम आणि बोंगो. गॉर्डनचा हात सरळ, शिस्तीत चालतो. एरिसनची बोटं त्याच्या अवतीभवती नाचतात, पण सम चुकत नाही. इंग्रज धून, कॅनडातला स्टुडिओ, कॅलिफोर्नियाचा ड्रमर, बहामाचा बोंगोवाला. एवढं सगळं एकत्र येऊनही गाणं काही गाजलं नाही. तबकड्या दुकानांच्या कोपऱ्यात पडून राहिल्या.

सेजविक अव्हेन्यूचा तळमजला

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागाची तेव्हा दशा झाली होती. रॉबर्ट मोझेस या सरकारी नियोजनकाराने आखलेला क्रॉस ब्रॉन्क्स महामार्ग वस्त्यांच्या मधून आरपार गेला आणि हजारो कुटुंबं उठली. ज्यांना जमलं ते उपनगरांत गेले. उरलेल्या इमारतींचं भाडं निघेना, तेव्हा विम्याचे पैसे बरे म्हणून काही घरमालकांनीच आपल्या इमारती पेटवून दिल्या. या भागात १९६७ मध्ये जमैकातल्या किंग्स्टनहून आलेलं कॅम्पबेल कुटुंब राहत होतं.

किंग्स्टनमध्ये गल्लोगल्ली 'साउंड सिस्टिम' चालत: कपाटाएवढे स्पीकर, एक तबकडीवाला आणि माइकवर मधेमधे बोलणारा, लोकांना चेतवणारा एक जण. यू-रॉयसारख्यांनी या बोलण्याचीच कला केली. क्लाइव्ह कॅम्पबेलने लहानपणी हे सगळं पाहिलेलं होतं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याची बहीण सिंडी हिने शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी चार पैसे जमवावेत म्हणून १५२० सेजविक अव्हेन्यू या आपल्याच इमारतीच्या सार्वजनिक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. गाणी लावायला भाऊ. अठरा वर्षांच्या या भावाला पोरं 'कूल हर्क' म्हणत.

हर्कचं लक्ष तबकडीपेक्षा नाचणाऱ्यांकडे असे. काही पोरं गाणंभर भिंतीला टेकून उभी राहतात आणि बाकी वाद्यं थांबून नुसता ठेका उरला की मैदानात उतरतात, हे त्याने हेरलं. तो तुकडा तर जेमतेम काही सेकंदांचा. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घ्यायच्या, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा आणि तोवर पहिलीची सुई मागे आणायची, अशी शक्कल त्याने काढली. काही सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ चालू लागला. 'अपॅची' या कामाला अगदी फिट्ट बसलं. पुढे हर्कने त्याला हिप-हॉपचं राष्ट्रगीत म्हटलं, ते उगाच नव्हे.

आता गंमत पाहा. हे तुकडे कुठल्या तबकडीतले, हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून हर्क तबकड्या पाण्यात भिजवून त्यांची लेबलं सोलून काढत असे. जमैकातली ही जुनी चलाखी. म्हणजे मूळ कलावंताचं नाव पुसणं या कलेच्या जन्मापासूनच तिच्यात होतं. फक्त तेव्हा ते वकिलांपासून नव्हे, पलीकडच्या गल्लीतल्या डीजेपासून लपवायचं होतं.

हर्कचे तुकडे कधीकधी एकमेकांना नीट जुळत नसत. जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, विजेच्या उपकरणांची उस्तवार करणारा पोरगा. त्याने तबकडीवर रंगीत खडूने खुणा केल्या. नेमका ठेका कुठे सुरू होतो ते खुणेवरून कळे आणि किती फेरे मागे फिरवायचं तेही. तबकडी हाताने धरली तरी खालची चकती फिरत राहावी म्हणून त्याने फेल्टचं कापड आणलं, त्याला खळ लावून इस्त्रीने कडक केलं आणि दोहोंच्या मध्ये घातलं. आज जगभरच्या डीजेंच्या टर्नटेबलवर जी फेल्टची चकती दिसते तिचं मूळ त्या इस्त्री केलेल्या कापडात आहे. ठेका बिनचूक फिरू लागला तसं त्यावर बोलणंही लांबू लागलं. हर्कचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं घेई, दोन-चार चमकदार वाक्यं टाकी. फ्लॅशच्या चमूतल्या मेली मेलसारख्यांनी त्याची कडवी केली. रॅप असं ठेक्याच्या पोटातून आलं.

इथे एक मोह आवरायला हवा. आपल्याकडे रॅपचा विषय निघाला की कुणीतरी पोवाड्याला त्याचा बाप ठरवतो. डफाच्या तालावर जोरकस शब्द फेकणं दोन्हीकडे आहे, हे खरं. पण साम्य म्हणजे नातं नव्हे. हा धागा किंग्स्टनहून ब्रॉन्क्सला गेलेला आहे, आणि त्याची खासियत शब्द फेकण्यापेक्षा दुसऱ्याच्या गाण्यातला ठेका काढून घेण्यात आहे. पोवाड्याला असल्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

डिस्को मेला, ठेका उरला

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवून देण्यात आला. रॉकवेड्या प्रेक्षकांनी मैदानात घुसून धुडगूस घातला, पुढचा सामना रद्द झाला. डिस्कोचं श्राद्ध म्हणून ही रात्र आजही सांगितली जाते. पण पुढच्याच महिन्यात 'शिक' या चमूचं 'गुड टाइम्स' हे डिस्को गाणं पहिल्या क्रमांकावर होतं, आणि सप्टेंबरात त्याच्याच बेसच्या चालीवर 'रॅपर्स डिलाइट' निघालं. रॅपचं पहिलं मोठं यश. 'मेलेल्या' डिस्कोचा ठेका त्यात जिवंत होता.

न्यू जर्सीतल्या सिल्व्हिया रॉबिन्सन या गायिका-निर्मातीच्या शुगर हिल रेकॉर्ड्सने ते काढलं. पार्ट्यांतलं बोलणं तबकडीवर येऊ शकतं हे तिला उमगलं. पण ब्रॉन्क्सचे नावाजलेले लोक तिला मिळाले नाहीत, म्हणून तिने नवीन पोरं गोळा केली. त्यातला बिग बँक हँक पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. त्याने रॅपर ग्रँडमास्टर कॅझची वही मागून घेतली आणि कॅझची कडवी म्हटली. त्यातलं कॅझचं टोपणनावसुद्धा बदललं नाही. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसा. 'शिक'च्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी मात्र दाव्याची धमकी दिली आणि गाण्यावर त्यांची नावं लागली. चाल ज्याची, त्याचा वाटा निघाला. वही ज्याची, त्याचा नाही. हा हिशेब पुढेही असाच राहिला.

आणखी एक बदल झाला, तो कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. या तबकडीवर डीजे नाही. ठेका स्टुडिओतल्या वादकांनी नव्याने वाजवला. १९८१ मध्ये शुगरहिल गँगने 'अपॅची' काढलं तेही वादकांकडून वाजवून घेऊन. ज्याच्या खुणा, कापड आणि कसब यांतून ही कला निघाली तो डीजे मागे सरला आणि माइकवाला पुढे आला. आज आपण रॅप म्हणतो तेव्हा माइकवाल्यालाच पाहतो, त्याची सुरुवात इथे आहे.

दहा सेकंदांचं यंत्र

जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टी.आर.-८०८ हे ड्रम मशीन आणलं. गाण्याचा कच्चा नमुना ध्वनिमुद्रित करताना ड्रमरची उणीव भरून काढावी, एवढाच हेतू. त्याचा आवाज खऱ्या ड्रमसारखा अजिबात नव्हता. जेमतेम बारा हजार यंत्रं विकून १९८३ मध्ये कंपनीने ते बंद केलं. मग ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि ज्यांना ड्रमर परवडत नव्हता त्यांच्या हाती पडली. त्याआधीच, १९८२ च्या 'प्लॅनेट रॉक'मध्ये आफ्रिका बम्बाटाने त्याचा ठेका जर्मनीच्या क्राफ्टवर्क चमूच्या चालीशी जोडला. ८०८ चा तो लांबत जाणारा घुमारा पुढे मायामी आणि अटलांटामध्ये स्थिरावला. आजच्या ट्रॅप संगीताचा पाया तोच आहे.

ठेका 'काढून घेणं' सोपं झालं ते आवाजाचे तुकडे (सॅम्पल्स) साठवणारा सॅम्पलर आल्यावर. १९८७ च्या ई-मू एसपी-१२०० या यंत्रात एकूण दहा सेकंदांचाच आवाज साठवता येई. दहा सेकंदांत अख्खं गाणं कसं बसवायचं? मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावायची, म्हणजे तुकडा कमी वेळात यंत्रात भरला जातो. मग यंत्रातच त्याचा वेग उतरवायचा. जागा वाचते, पण आवाज जरा खरखरीत, जाडसर होऊन बाहेर येतो. नव्वदीच्या न्यूयॉर्क रॅपचा जो धुळकट, खरबरीत पोत आज रसिक डोळे मिटून ऐकतात, तो काटकसरीतून आलेला आहे. आता हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर घेऊन तीच खरखर मुद्दाम घालावी लागते.

१९८६ पासून तर असे ठेके निवडून एकत्र केलेल्या 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या तबकड्यांची मालिकाच निघाली. त्यात 'अपॅची' अर्थातच होतं. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका आणि 'द विन्स्टन्स'च्या 'आमेन, ब्रदर'मधला ग्रेगरी कोलमनचा ठेका हे दोन तर हजारो गाण्यांत वाजले. स्टबलफील्डला त्यातून कधी हक्काचं मानधन मिळालं नाही. कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला. उसनवारीचे गोडवे गाताना ही दुसरी बाजू झाकून चालणार नाही.

एकाच वर्षाचे दोन निकाल

१९९१ च्या मे महिन्यापर्यंत अल्बम किती खपले ते दुकानदार फोनवर सांगत, आणि बिलबोर्ड त्यावरून यादी करी. दुकानदाराच्या मते जे चालायला हवं ते वर जाई. मे महिन्यात साउंडस्कॅन ही यंत्रणा आली आणि गल्ल्यावरच्या बारकोडवरून खरा खप मोजला जाऊ लागला. महिनाभरातच एन.डब्ल्यू.ए. या कॅलिफोर्नियाच्या रॅप चमूचा, रेडिओने वाळीत टाकलेला अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. लोक असं संगीत आधीही विकत घेतच होते. आता ते दिसू लागलं.

डिसेंबरात दुसरा निकाल लागला. बिझ मार्की या न्यूयॉर्कच्या गमत्या रॅपरने गिल्बर्ट ओ'सुलिव्हनच्या गाण्यातला तुकडा परवानगी न मिळता वापरला होता. न्यायाधीश केविन डफी यांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या चोरीविरुद्धच्या आज्ञेने केली आणि हे प्रकरण फौजदारी कारवाईसाठी सरकारी वकिलांकडे पाठवावं असं सुचवलं. बिझने पुढच्या अल्बमचं नावच 'सगळ्या सॅम्पल्सची परवानगी घेतली आहे' अशा अर्थाचं ठेवलं. विनोद चांगला होता, पण परिणाम गंभीर झाला. एकाच गाण्यात डझनावारी तुकडे विणणाऱ्या पब्लिक एनिमीसारख्यांचा मार्ग बंद झाला. डी ला सोलचा १९८९ चा पहिला अल्बम सॅम्पल्सच्या गुंत्यामुळे मार्च २०२३ पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नाही. डॉ. ड्रेने वेगळी वाट काढली: १९९२ च्या 'द क्रॉनिक'साठी त्याने बऱ्याच जुन्या चाली वादकांकडून पुन्हा वाजवून घेतल्या, म्हणजे तबकडीच्या मालकाला पैसे देण्याचा प्रश्न मिटला. पण वादक ठेवायला ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच ही वाट.

२००५ मध्ये सिनसिनाटीच्या अपील न्यायालयाने तर दोन सेकंदांच्या तुकड्यालाही परवाना लागतो, असं ठरवलं. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाजूच्या अपील न्यायालयाने मॅडोनाच्या 'व्होग'मधल्या पाव सेकंदाच्या पिपाणीसाठी नेमका उलटा निकाल दिला. एकाच देशात दोन कायदे. स्वतःच्या खोलीत ठेका बनवणाऱ्या पोराने काय समजायचं?

मेल्याच्या बातम्या

मृत्युलेखांची सवय रॅपला जुनी आहे. १९७९ मध्ये ते दोन दिवसांचं खूळ ठरलं होतं. २००६ च्या डिसेंबरात तर खुद्द नासने, म्हणजे न्यूयॉर्कच्या मानाच्या रॅपरने, हिप-हॉप मेलं असं अल्बमच्या नावातच जाहीर केलं. याच नासच्या २००२ च्या 'मेड यू लुक'खाली वेग उतरवलेलं 'अपॅची' घुमत होतं. अल्बमच्या त्या नावावरून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रॅपरांना वाटलं, हा टोला आपल्याला आहे. ते चुकीचंही नव्हतं. न्यूयॉर्कच्या पद्धतीचं रॅप मागे पडत होतं आणि अटलांटा पुढे येत होतं. मेलं ते न्यूयॉर्कचं वर्चस्व. २०१७ मध्ये नीलसनच्या मोजणीत हिप-हॉप आणि आर अँड बी मिळून अमेरिकेत रॉकच्या पुढे गेले. २०१८ मध्ये केन्ड्रिक लमारच्या 'डॅम'ला पुलित्झर मिळालं. नासला पहिला ग्रॅमी मिळाला २०२१ मध्ये, स्वतःच केलेल्या मृत्यूच्या घोषणेनंतर पंधराव्या वर्षी.

दर वेळी झालं ते असं: एका शहराचा, एका यंत्राचा ठेका शिळा झाला, आणि दुसऱ्या कुठल्या तरी शहरात दुसऱ्या स्वस्त साधनावर नवीन निघाला. शिकागोत उगवलेला ड्रिल हा रॅपचा प्रकार लंडनला गेला, तिथे त्याचा ठेका बदलला. मग ब्रुकलिनच्या पॉप स्मोकने लंडनच्या एट-ओ-एट मेलोचे ठेके इंटरनेटवरून उचलले आणि ते न्यूयॉर्कला परत आणले.

मुंबईही याच वाटेने आली. कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' काढलं ते एका आयपॅडच्या जोरावर: त्यावरच आवाज भरला, त्यावरच चित्रण केलं. पुढच्या वर्षी डिवाइनबरोबरचं 'मेरे गली में' आलं आणि २०१९ मध्ये झोया अख्तरने या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन 'गली बॉय' केला. 'स्वदेसी' या मुंबईच्या चमूने आरेतले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन जंगलाचा प्रश्न मांडला. आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, तेव्हा त्यातलं मराठी रॅप हाउस संगीताच्या ठेक्यावर चढलेलं होतं. ते रॅप म्हणून मोजायचं की नाचाचं गाणं म्हणून? ज्याने त्यावर वरात नाचवली त्याला हा प्रश्न पडला नाही.

घेणाऱ्याचा देणारा झाला

रॅप की दुसरं काही, हाच प्रश्न अमेरिकेत जास्त मोठ्या रकमांसाठी पडला आहे. २०१८ मध्ये लिल नास एक्सने एका डच पोराकडून तीस डॉलरला इंटरनेटवर ठेका विकत घेतला, त्यावर 'ओल्ड टाउन रोड' म्हटलं आणि २०१९ मध्ये ते एकोणीस आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. बिलबोर्डने ते कंट्रीच्या यादीतून आधीच वगळलं होतं. पाच वर्षांनी शबूझीच्या 'अ बार साँग'ने त्या विक्रमाची बरोबरी केली. हे कंट्री गाणं, पण त्याचा मुखडा जे-क्वॉनच्या २००४ च्या रॅप गाण्यावर बांधलेला. २०२५ मध्ये टेक्ससच्या बिगएक्सदप्लगने कंट्री गायकांना बरोबर घेऊन अख्खा अल्बम केला. 'पोरं आता कंट्री ऐकतात' हे मृत्युलेखांतलं वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. त्या कंट्रीत काय वाजतंय तेही ऐकायला हवं.

पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांतले तुकडे घेऊन जगलेलं रॅप आता स्वतःच इतरांच्या गाण्यातला तुकडा होऊ लागलं आहे. डिस्कोचं १९७९ मध्ये हेच झालं होतं. माझ्या मते रॅपचं नजीकचं भवितव्य असंच आहे. तरुणांचं एकमेव संगीत म्हणून त्याचा जो दरारा होता तो ओसरेल. स्विंग जॅझचा ओसरला, रॉकचा ओसरला, त्याला रॅप अपवाद नाही. पण ठेक्यावर बोलण्याची आणि जुन्यातून नवीन ठेका काढण्याची रीत आता कुणाच्या खात्यातून वजा करता येणार नाही. आणि रॅप अधूनमधून जोरात उसळी घेईलच: २०२४ मध्ये केन्ड्रिक आणि ड्रेक या रॅपरांच्या भांडणातून आलेलं 'नॉट लाइक अस' मंक हिगिन्सच्या जुन्या तबकडीच्या तुकड्यावरच उभं होतं, आणि त्याने पाच ग्रॅमी नेले.

खरी काळजी वेगळी आहे. हर्कला 'अपॅची' मिळालं कारण ते कुणालाच नको होतं. ८०८ मिळालं कारण ते बंद पडलं होतं. टाकाऊ आणि स्वस्त, यावर ही कला उभी राहिली. आज टाकाऊ असं काही उरलेलं नाही. जुन्या गाण्यांचे हक्क गुंतवणूकदार कंपन्या विकत घेतात, आणि छोटासा तुकडा चढवला तरी यूट्यूबची यंत्रणा बरेचदा त्याचा मालक शोधून काढते. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला मात्र आवाजांची लूट मोकळी आहे. २०२३ मध्ये ड्रेकचा खोटा आवाज घालून केलेलं गाणं जगभर फिरलं. पुढच्या वर्षी ड्रेकनेच मेलेल्या रॅपर टुपाकचा यंत्राने केलेला आवाज वापरला आणि टुपाकच्या वारसांनी बजावल्यावर गाणं मागे घेतलं. त्याच भांडणात निर्माता मेट्रो बूमिनने 'बीबीएल ड्रिझी'चा ठेका केला, तो यंत्राने गायलेल्या गाण्याच्या तुकड्यावर. कुणाच्याच बोटांनी न वाजलेला ठेका कापून घ्यायला परवाना लागत नाही, आणि खऱ्या बोटांनी वाजलेला परवडत नाही. उद्याचं पोर कशाकडे वळेल हे सांगायला ज्योतिषी नको.

यावर उपाय जुनाच आहे. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यापासून कुणाचंही प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली रक्कम भरून पुन्हा वाजवता येतं. मूळ संगीतकाराला अडवता येत नाही, आणि त्याचे पैसेही बुडत नाहीत. इंगमनला आणि बोंगो बँडला अमेरिकेच्या बाजारात 'अपॅची' वाजवायला लॉर्डनच्या पाया पडावं लागलं नाही, ते या तरतुदीमुळे, आणि धून जिथे गेली तिथून लॉर्डनचा वाटा निघाला. ही सोय चालीला आहे, तबकडीतल्या तुकड्याला नाही. म्हणून गॉर्डनचा हात आणि एरिसनची बोटं शेकडो गाण्यांत वाजूनही वादक म्हणून त्यांच्या वाट्याला काही हक्काचं आलं नाही, आणि ज्या पोरांनी ती घेतली ती चोर ठरली. छोट्या तुकड्यांसाठी ठरीव दर आणि त्यात वाजवणाऱ्याचा वाटा, एवढं केलं तर दोघांचीही सोय होते. ते न करता रॅप टिकेल का म्हणून विचारणं म्हणजे विहीर बुजवून पाण्याची चौकशी करण्यासारखं आहे.